कोंबडीचा घास, अंड्याचा कस

क्षयरोगाच्या बाह्यरुग्ण विभागात एक आई आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. औषधे सुरू होऊन दीड महिना झाला होता. ताप गेला होता, खोकलाही कमी होता. वजन मात्र अडतीस किलोवर अडकलेले. औषधे वेळेवर घेतो का, जेवतो का, हे विचारून झाल्यावर मी नेहमीचा प्रश्न विचारला, ‘‘अंडी देता का त्याला?’’

‘‘देते ना डॉक्टरसाहेब. गावरानच देते. आठवड्याला तीन.’’

‘‘तीनच का?’’

‘‘पंधरा रुपयांना एक पडतं. पांढरं अंडं स्वस्त हाय, पन त्यात काही ताकद नसते म्हनतात. त्या कोंबड्यांना काहीबाही चारतात, म्हनून तर अंडं पांढरं पडतं.’’

रोजंदारीवर जाणारी ही बाई आठवड्याला पंचेचाळीस रुपये अंड्यांसाठी बाजूला काढत होती. तेवढ्या पैशांत साधी पांढरी अंडी सहा आली असती. तिचा हिशेब चुकत होता, पण तिची समजूत अगदीच निराधार नव्हती. कोंबडी जे खाते ते अंड्यात उतरते, हे खरेच आहे. मात्र सगळे उतरत नाही, आणि जे उतरते ते नेहमी डोळ्यांना दिसत नाही. उलट जे ठळकपणे दिसते, म्हणजे कवचाचा रंग आणि बलकाचा गडदपणा, त्यावरून अंड्याच्या पौष्टिकतेबद्दल फारच थोडे कळते. हा फरक समजला तर अनेक घरांतले पैसे वाचतील आणि अनेक ताटांत दोन अंडी जास्त पडतील. म्हणून आज थोडे कोंबडीच्या खाद्याविषयी.

अंडे घडते कसे?

बलक तयार होण्याची सुरुवात कोंबडीच्या यकृतात होते. खाल्लेल्या अन्नातून यकृत चरबी आणि प्रथिने यांचे खास कण बनवते. ते रक्तातून अंडाशयात पोहोचतात आणि तिथे वाढणाऱ्या बलकात साठत जातात. बलकाची मुख्य वाढ साधारण आठ-दहा दिवसांत होते. त्यामुळे आज खाद्य बदलले तर उद्याच्या अंड्यात फरक दिसत नाही. तो पूर्णपणे दिसायला आठवडा-दीड आठवडा लागतो.

बलक पूर्ण वाढला की तो अंडनलिकेत उतरतो. तिथे सुमारे तीन तासांत त्याच्याभोवती पांढरा भाग चढतो, मग दोन पातळ पापुद्रे तयार होतात आणि शेवटी कवच. एकट्या कवचालाच जवळजवळ वीस तास लागतात. एक अंडे घालून झाले की साधारण अर्ध्या तासात पुढच्या अंड्याचे काम सुरू होते. म्हणजे व्यावसायिक फार्मवरची कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी घालते, तेव्हा तिच्या शरीरातला हा कारखाना जवळपास अखंड चालू असतो. दिवसाला मिळणाऱ्या शंभर-सव्वाशे ग्रॅम खाद्यातून तिला स्वतः जगायचे असते आणि अंडेही घडवायचे असते.

या खाद्यात असते काय? आपल्याकडे मुख्यतः मका आणि सोयाबीनची पेंड. त्याखेरीज तांदळाचा कोंडा, चुनखडी किंवा शिंपल्यांचा चुरा, मीठ, आणि जीवनसत्त्वे व खनिजे यांचे मिश्रण. त्यात ‘काहीबाही’ असे काही नसते. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक रुग्णांच्या ताटापेक्षा हे ताट जास्त मोजूनमापून भरलेले असते.

कवचाचा रंग: खाद्याचा संबंध नाही

अंडे पांढरे की तपकिरी, हे कोंबडीची जात ठरवते. पांढरी लेगहॉर्न पांढरीच अंडी घालणार, तिला काहीही खायला घाला. इतर काही जातींच्या कोंबड्या अंडे बाहेर येण्यापूर्वीच्या शेवटच्या तासांत कवचावर तपकिरी रंगद्रव्य चढवतात. या रंगद्रव्याचे नाव प्रोटोपोर्फिरिन. आम्हा डॉक्टरांना हे नाव चांगलेच परिचयाचे, कारण आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन बनताना याच पदार्थात लोह बसवले जाते. पण कवचावरचा हा रंग टरफलाबरोबर उकिरड्यावर जातो, पोटात जात नाही.

आज फार्मवरही तपकिरी अंडी देणाऱ्या जाती मोठ्या प्रमाणावर पाळल्या जातात. त्या पिंजऱ्यात राहतात आणि तोच मका व तीच सोयापेंड खातात. त्यामुळे तपकिरी अंडे म्हणजे गावरान अंडे, हे समीकरण बाजारात धरून चालत नाही.

बलकाचा रंग: खाद्याचाच, पण जपून वाचावा

बलकाचा रंग मात्र पूर्णपणे खाद्यावर अवलंबून असतो. मक्यात आणि हिरव्या पाल्यात ल्युटिन व झियाझँथिन नावाची पिवळी रंगद्रव्ये असतात. ती चरबीबरोबर शोषली जातात आणि बलकात जमा होतात. कोंबडीला लसूणघास, शेवग्याचा पाला, कोवळे गवत मिळाले की बलक केशरीकडे झुकतो. तिला पांढरी ज्वारी किंवा तांदळाची कणी खायला घातली तर बलक फिका होतो. ज्वारीच्या पट्ट्यात दारात पाळलेल्या, अगदी अस्सल गावरान कोंबडीच्या अंड्याचा बलकही उन्हाळ्यात फिका निघतो, त्याचे कारण हेच. हिरवळ संपलेली असते आणि पोटात फक्त ज्वारी असते.

गिऱ्हाइकाला गडद बलक आवडतो हे व्यापाराने फार पूर्वीच ओळखले. रॉश या स्विस कंपनीने बलकाचा रंग मोजण्यासाठी फिक्या पिवळ्यापासून गडद नारिंगीपर्यंत पंधरा पट्ट्यांचा एक पंखा तयार केला. रंगाच्या दुकानात भिंतीच्या छटा दाखवतात, तसाच. अंडे फोडायचे, पंखा बाजूला धरायचा आणि क्रमांक लिहायचा. हवा तो क्रमांक मिळवण्यासाठी खाद्यात झेंडूच्या पाकळ्यांचा किंवा लाल मिरचीच्या रंगाचा अर्क मिसळतात. दसऱ्याला दाराला लावतो तो झेंडू असा आपल्या ऑम्लेटमध्येही पोहोचतो.

यात वाईट काही नाही. ल्युटिन आणि झियाझँथिन ही रंगद्रव्ये आपल्या डोळ्यांच्या पडद्याच्या मध्यभागीही असतात, आणि बलकातल्या चरबीमुळे अंड्यातून ती चांगली शोषली जातात. पण गडद बलक म्हणजे जास्त प्रथिने, जास्त लोह, जास्त ‘ताकद’, असे मुळीच नाही. अ जीवनसत्त्वसुद्धा या रंगावरून ओळखता येत नाही. गाजरातले बीटा कॅरोटीन कोंबडी बहुतांशी अ जीवनसत्त्वात बदलून टाकते आणि तयार झालेल्या जीवनसत्त्वाला असा गडद रंग नसतो. फिक्या बलकाच्या अंड्यातही ते भरपूर असू शकते.

कवचाचा भक्कमपणा आणि हाडांचा हिशेब

कोंबडीच्या आहाराचा सर्वांत थेट परिणाम दिसतो तो कवचाच्या जाडीवर. एका कवचात दोन ग्रॅमहून थोडे अधिक कॅल्शियम असते. तिच्या संपूर्ण शरीरात असलेल्या कॅल्शियमचा हा साधारण दहावा भाग! वर्षभरात ती सहाशे ग्रॅमच्या वर कॅल्शियम अंड्यांवाटे देऊन टाकते. म्हणून अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के ठेवावे लागते. वाढत्या वयाच्या तलंगांना सुमारे एक टक्का पुरते.

यात एक गंमत आहे. कवच बनते मुख्यतः रात्री आणि कोंबडी खाते दिवसा. मग रात्री कॅल्शियम कुठून येते? अंडी देण्याच्या काळात तिच्या पायांच्या लांब हाडांच्या पोकळीत एक खास, तात्पुरते हाड तयार होते. ही तिची कॅल्शियमची तिजोरी. रात्री त्यातून काढायचे, दिवसा पुन्हा भरायचे. जाणकार कुक्कुटपालक संध्याकाळच्या खाद्यात शिंपल्यांचे जाडसर तुकडे घालतात ते याचसाठी. बारीक पूड लवकर निघून जाते, जाड तुकडे रात्रभर पेषणीत राहून हळूहळू विरघळतात आणि तिजोरीवरचा ताण कमी होतो.

खाद्यात कॅल्शियम कमी पडले, किंवा ते शोषून घेण्यासाठी लागणारे ड जीवनसत्त्व कमी पडले, तर कोंबडी लगेच अंडे देणे थांबवत नाही. आधी ती आपली हाडे झिजवते. कवच पातळ होते, कधी तर नुसत्या पापुद्र्याचे मऊ अंडे पडते आणि अखेरीस कोंबडी पायांवर उभी राहू शकत नाही. लागोपाठ बाळंतपणे झालेल्या, अर्धपोटी, अंगणाबाहेर फारसे ऊन न पाहिलेल्या बायकांच्या पाठदुखीचा विचार करताना मला ही कोंबडी अनेकदा आठवते. दोघींचे शरीर पुढच्या पिढीला आधी देते, स्वतःकडे नंतर पाहते.

विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात कवच पातळ होण्याचे आणखी एक कारण असते. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकत ती शरीर थंड करते. त्या धापांबरोबर कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर जातो आणि रक्ताचे आम्ल-अल्क संतुलन बिघडते. कवच असते कॅल्शियम कार्बोनेटचे. त्यातला कार्बोनेटचा कच्चा मालच कमी पडतो. त्यात उकाड्याने भूक मंदावते, म्हणजे कॅल्शियमही कमी पोटात जाते. म्हणून उन्हाळ्यात खाद्य पहाटे आणि संध्याकाळी द्यायचे, पाणी गार ठेवायचे, हा फार्मवरचा साधा नियम. एप्रिल-मेमध्ये ट्रेमधली अंडी जास्त तडकलेली दिसली तर दोष दरवेळी वाहतुकीचाच असतो असे नाही.

काय बदलते, काय बदलत नाही

आता मुख्य मुद्दा. पोषणाच्या दृष्टीने अंड्यातल्या गोष्टींचे दोन गट करता येतात.

पहिला गट हट्टी घटकांचा. प्रथिने यात येतात. खाद्यात प्रथिने कमी पडली तर कोंबडी लहान अंडी घालते, कमी घालते किंवा थांबते. पण घातलेल्या अंड्यातल्या प्रथिनांचा दर्जा आणि त्यांचे प्रमाण फारसे बदलत नाही. कारण उघड आहे. अंडे आपल्या नाश्त्यासाठी बनलेले नाही. एकवीस दिवसांत त्यातून अख्खे पिल्लू तयार व्हायचे असते. त्याला लागणाऱ्या मूलभूत मालात निसर्ग तडजोड करत नाही. लोह आणि आतल्या भागातले कॅल्शियम हेही खाद्याने थोडेच हलते.

कोलेस्टेरॉलही याच गटातले. एका अंड्यात ते साधारण १८० ते २०० मिलिग्रॅम असते आणि खाद्य बदलून ते कमी करण्याच्या प्रयत्नांना फार थोडे यश आले आहे. पिल्लाच्या प्रत्येक पेशीच्या आवरणासाठी कोलेस्टेरॉल लागते. कोंबडी ते पुरेसे देऊ शकली नाही तर ती अंडे घालणेच थांबवते. तेव्हा ‘कोलेस्टेरॉलमुक्त अंडे’ असे कुठे लिहिलेले दिसले तर हसून पुढे जावे.

इथे एक कबुलीही देतो. नोकरीच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांत मी शेकडो रुग्णांना ‘पिवळा भाग फेकून द्या’ असे सांगितले. तेव्हा तसेच शिकवले जात होते. पुढे लक्षात आले की बहुतेकांच्या रक्तातले कोलेस्टेरॉल अन्नातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त आणि ट्रान्स चरबीने अधिक वाढते. २०१५ मध्ये अमेरिकेच्या आहारविषयक तज्ज्ञ समितीनेही दिवसाला ३०० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा पुढे न ठेवण्याची भूमिका घेतली. मधुमेह, हृदयविकार किंवा आनुवंशिक उच्च कोलेस्टेरॉल असलेल्यांनी किती बलक खावा हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. पण अशक्त मुलाच्या ताटातला बलक काढून टाकणे म्हणजे अंड्यातली बहुतेक जीवनसत्त्वे काढून टाकणे.

दुसरा गट आज्ञाधारक घटकांचा. खाद्य बदलले की हे बदलतात. ड आणि ई जीवनसत्त्वे, ब गटातली बी-१२, रिबोफ्लेविन आणि फोलेट, आयोडिन, सेलेनियम, आणि चरबीचा प्रकार. कच्चे अंडे फोडल्यावर पांढऱ्या भागाला हलकी हिरवट-पिवळी झाक दिसते. ती रिबोफ्लेविनची असते. कोंबडीच्या खाद्यात ते कमी पडले तर अंड्यातले पिल्लू उबवणीतच दगावते. फार्मवरच्या खाद्यात जीवनसत्त्वांचे मिश्रण न चुकता घालतात ते त्यासाठी. पिंजऱ्यातल्या कोंबडीला किडे-मुंग्या मिळत नाहीत, माती उकरायला मिळत नाही. तिचे बी-१२ त्या मिश्रणातूनच येते.

चरबीचे उदाहरण सर्वांत ठळक. कोंबडीच्या खाद्यात जवस घातले की बलकातले ओमेगा-३ स्निग्धाम्ल कितीतरी पटींनी वाढते. त्यातला काही भाग कोंबडीचे यकृत डीएचएमध्ये बदलते. आपल्या मेंदूला आणि डोळ्यांना लागते ते हेच, आणि एरवी ते मुख्यतः माशांतून मिळते. बाजारात ‘ओमेगा-३’ म्हणून मिळणारी अंडी बहुधा अशीच तयार होतात. त्यांत तथ्य आहे. पण ज्यांच्या घरी आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली शिजते, त्यांना या महाग अंड्यांची गरज नाही. आणि रोज चमचाभर जवसाची चटणी खाणाऱ्यालाही त्यातला बराच लाभ कोंबडीच्या मध्यस्थीशिवाय मिळतो.

आणि गावरान अंडे? त्याच्या बाजूनेही सांगायला हवे. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला ऊन मिळते, आणि आपल्याप्रमाणेच तिच्याही त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते. तिच्या बलकात ते बंद शेडमधल्या कोंबडीच्या बलकाच्या तिप्पट-चौपट असू शकते. पाला आणि किडे खाल्ल्याने ओमेगा-३ आणि ई जीवनसत्त्वही वाढते. चवीचे म्हणाल तर तो ज्याच्या त्याच्या जिभेचा आणि आठवणींचा प्रश्न आहे. पण गावरान अंडे भरते साधारण चाळीस ग्रॅम आणि फार्मचे पन्नास-पंचावन्न. मोठ्या अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने, लहानात सव्वाचार-साडेचार. क्षयाने खंगलेल्या मुलाला आधी उष्मांक आणि प्रथिने हवीत. बाकीचे बारकावे नंतर.

मासळीचा वास आणि हिरवट बलक

कधीकधी खाद्य अंड्यात नको त्या रूपाने उतरते. कोकणात दारच्या कोंबड्यांना सुकटीचा चुरा, माशांची डोकी-शेपट्या मिळतात आणि अंड्याला मासळीचा वास येतो. खाद्यात मोहरीची पेंड किंवा जवस जास्त झाले तरी हे घडू शकते. काही तपकिरी अंडी देणाऱ्या कोंबड्यांत हे विशेष दिसते, कारण ट्रायमिथाइलअमाइन या दुर्गंधीयुक्त पदार्थाचा निचरा करणारे विकर त्यांच्यात जन्मतः सदोष असते. नवल म्हणजे नेमक्या याच जनुकातल्या दोषामुळे माणसातही एक दुर्मीळ आजार होतो. रुग्णाच्या घामाला, श्वासाला मासळीसारखा वास येतो. स्वच्छतेचा त्यात काही दोष नसतो. अशा माणसाला लोकांनी आयुष्यभर टाळलेले असते. त्याला ‘तुझ्या यकृतातले एक विकर कमी आहे’ एवढे सांगणारा डॉक्टर भेटला, तरी मोठा दिलासा मिळतो.

कापसाच्या मुलखात दुसरा प्रकार दिसतो. गुरांसाठी आणलेली सरकीची पेंड कोंबड्या भरपूर खातात. सरकीतले गॉसिपॉल हे द्रव्य बलकातल्या लोहाशी जोडले जाते आणि काही दिवस ठेवलेल्या अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी होतो. सरकीतल्याच विशिष्ट स्निग्धाम्लांमुळे पांढरा भाग गुलाबी पडतो. लोक घाबरतात, करणी-बाधेपर्यंत बोलणे जाते. उपाय इतकाच, की कोंबड्यांना गोठ्यातल्या गव्हाणीपासून दूर ठेवायचे.

उकडलेल्या अंड्याच्या बलकाभोवतीचे हिरवे-करडे कडे मात्र वेगळे. त्यात खाद्याचा दोष नाही, ते आपण जास्त वेळ उकळल्यामुळे येते. आणि बलकावरचा रक्ताचा बारीक ठिपका म्हणजे पिल्लाची सुरुवात नव्हे. बलक सुटताना एखादी सूक्ष्म रक्तवाहिनी फुटल्याची ती खूण असते.

कोंबड्यांनी डॉक्टरांना शिकवले

कोंबडीच्या आहाराला वैद्यकाने हसू नये. आमच्या शास्त्राचा एक मोठा धडा तिच्याच दाण्यातून आला. १८९० च्या सुमारास डच वसाहतीतल्या बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, ख्रिस्तियान आइकमन हा लष्करी डॉक्टर बेरीबेरीचा जंतू शोधत होता. बेरीबेरीत पायांतली शक्ती जाते, हृदय थकते. त्या काळी माणसे त्याने मोठ्या संख्येने मरत. आइकमनच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या एकाएकी लंगडू लागल्या आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्याही झाल्या. जंतू काही सापडेना. चौकशीत कळले की मधल्या काळात कोंबड्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला, सडलेल्या पांढऱ्या तांदळाचा भात घातला जात होता. मग नवा स्वयंपाकी आला. लष्कराचा तांदूळ ‘मुलकी’ कोंबड्यांना देणे त्याला पटेना. त्याने तो बंद केला, कोंबड्या पुन्हा साध्या, कोंड्यासकटच्या तांदळावर गेल्या आणि बऱ्या झाल्या.

आइकमनला आधी वाटले की पांढऱ्या तांदळात काही विष आहे आणि कोंड्यात त्याचा उतारा. त्याचा सहकारी खेरिट ग्रेन्स याने १९०१ मध्ये अर्थ सरळ केला: विष कसलेच नाही, कोंड्यातला एक आवश्यक घटक कमी पडतो आहे. तो घटक म्हणजे आज आपण बी-१ म्हणतो ते थायमिन. १९२९ मध्ये आइकमनला नोबेल मिळाले. रक्त गोठण्यासाठी लागणाऱ्या के जीवनसत्त्वाचा शोधही हेन्रिक डाम यांना कोंबडीच्या पिल्लांवरच, त्यांना चरबीविरहित खाद्य देताना लागला आणि १९४३ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. आज आमच्या प्रसूतिकक्षात प्रत्येक नवजात बाळाला के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले जाते. त्याचे थोडे श्रेय त्या पिल्लांचे.

खरी काळजी कुठे करायची

‘काहीबाही चारतात’ या वाक्यात एक खरी शंकाही दडलेली आहे. १९९९ मध्ये बेल्जियममध्ये पशुखाद्यासाठी वापरायच्या चरबीत औद्योगिक तेल मिसळले गेले. त्यातले डायॉक्सिन आणि पीसीबी खाद्यातून कोंबड्यांत आणि अंड्यांत उतरले. अंडी कमी झाली, पिल्ले उबेनात, तेव्हा कुठे शोध लागला. दुकानांतून अंडी-कोंबड्या काढून घ्याव्या लागल्या, दोन मंत्र्यांनी राजीनामे दिले आणि पाठोपाठच्या निवडणुकीत सरकारही गेले. चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वे ज्या वाटेने बलकात जातात, त्याच वाटेने ही विषेही जातात. म्हणूनच कचऱ्याच्या ढिगावर, जळालेल्या प्लास्टिकच्या राखेत, जुन्या बॅटऱ्यांच्या भंगारात चरणारी शहरातली ‘मोकळी’ कोंबडी आपोआप शुद्ध ठरत नाही. ती कुठे चरते, हे महत्त्वाचे.

दुसरी काळजी प्रतिजैविकांची. कोलिस्टिन हे औषध आम्ही अतिदक्षता विभागात, बाकी सारी औषधे थकल्यावर, अखेरचा उपाय म्हणून वापरतो. तेच औषध कोंबड्यांच्या खाद्यात त्यांची वाढ व्हावी म्हणून मिसळले जात असे. २०१५ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी कोलिस्टिनला न जुमानणारे आणि एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाणारे जनुक दाखवून दिले. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांसाठी कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री आणि वापर यांवर बंदी घातली. हा निर्णय योग्य होता; त्याची अंमलबजावणी शेवटच्या शेडपर्यंत व्हायला हवी. कवच पांढरे आहे का, याची चिंता करण्यापेक्षा ग्राहकांनी हा प्रश्न विचारणे अधिक मोलाचे.

जंतूंपासून बचाव मात्र आपल्याच हातात आहे. साल्मोनेला कवचावरून आणि क्वचित आतूनही येतो. तडकलेले अंडे घेऊ नये. कच्चे अंडे दुधात फेटून पिण्याची सवय सोडावी, त्याने ताकद जास्त मिळत नाही. उलट शिजवलेल्या अंड्यातली प्रथिने कच्च्यापेक्षा चांगली पचतात. पांढरा आणि पिवळा दोन्ही भाग घट्ट होईपर्यंत शिजवावे. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि आजारी माणसे यांच्याबाबतीत तर नक्कीच.

पंचेचाळीस रुपयांचा हिशेब

त्या दिवशी मी त्या माउलीला केसपेपरच्या मागे हिशेब मांडून दाखवला. तीन गावरान अंडी: सुमारे तेरा ग्रॅम प्रथिने. त्याच पैशांत सहा पांढरी अंडी: छत्तीस ग्रॅम. ‘‘गावरान अंड्यात ऊन थोडं जास्त असतं,’’ मी म्हणालो, ‘‘पण ऊन तर तुमच्या दारात फुकट आहे. त्याला सकाळी जरा बाहेर बसवा आणि रोज एक पांढरं अंडं द्या. बलकासकट, उकडून.’’

ती कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘म्हनजे कोंबडीनं चांगलं खाल्लं तर अंडं चांगलं, आन् पोरानं जास्त खाल्लं तर पोरगं चांगलं?’’

सबंध लेखाचे सार तिने एका वाक्यात सांगितले होते.

दोन महिन्यांनी मुलगा आला तेव्हा वजनाचा काटा साडेबेचाळीसवर होता. श्रेय औषधांचे आहेच, घरातल्या भाकरी-वरणाचेही आहे. पण आता आठवड्याला सात अंडी येत होती. ‘‘मागच्या दारात दोन तलंगा बी आनल्या,’’ आई म्हणाली. मी इतकेच सांगितले, सरकीच्या पेंडीपासून त्यांना लांब ठेवा, शिजवलेल्या अंड्यांची टरफले स्वच्छ धुऊन, वाळवून, बारीक कुटून त्यांच्या दाण्यात मिसळा आणि दिवसा मोकळ्या सोडा. त्यांनी अंडी द्यायला सुरुवात केली की त्याच्या ताटात गावरान अंडेही येईल, आणि त्यासाठी पांढऱ्यात कपात करावी लागणार नाही.